चौऱ्याऐंशी रुपये

ते चौऱ्याऐंशी रुपये काही परत आले नाहीत. बाकीचे सगळे आले. हे राहिले, कारण तक्रारीत मी ते लिहिलेच नव्हते.

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी, रात्री साडेअकराच्या सुमारास, उशाशी ठेवलेला मोबाईल थरथरला. तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून मी दिवा मालवायच्या बेतात होते. बाहेर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. उसानं भरलेल्या ट्रॉल्या मिरज रस्त्यानं चालल्या होत्या आणि ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यातली गाणी लांबून येऊन लांब जात होती. मेसेज उघडला. कार्डावरून ८४ रुपये ३७ पैसे खर्च झाले होते. कुठं झाले ते पुढं लिहिलेलं, पण तो नुसता इंग्रजी अक्षरांचा गुंता होता, त्याचा उच्चारही करता येत नव्हता. मेसेज मी वाचला हे मला पक्कं आठवतं. न वाचता झोपले असते तर पुढं इतकं टोचलं नसतं. वाटलं, लेकीनं काहीतरी घेतलं असेल, नाहीतर एखाद्या ॲपचे महिन्याचे कापले असतील. किरकोळ तर आहेत. फोन पालथा घातला आणि झोपले.

हे मी केलं, अण्णांच्या मुलीनं.

अण्णा सांगलीच्या गणपती पेठेत एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पुढं दुकान मार्केट यार्डात गेलं, तसे अण्णाही सायकलवरून तिकडं जाऊ लागले. अडतीस वर्षं त्यांनी रोजकीर्द, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाची वही, लिहिली. संध्याकाळी आधी हळद घरात यायची आणि मग अण्णा. सदऱ्याच्या बाह्यांना, कानांमागं, नखांच्या कडांना तो पिवळा रंग, आणि कोरडा, कडवट, नाकात जरासा झोंबणारा वास. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि उन्हाळ्यात सौदे जोरात असले की त्या बादलीतलं पाणी चार दिवस पिवळंच असायचं. मी चौथीत असताना एकदा अण्णा रात्री एक वाजता घरी आले. आई दारात, मी तिच्या पदराआड. झालं असं होतं की संध्याकाळी मेळ बसेना. पैसे कमी नव्हते, पस्तीस पैसे जास्त होते. शेठ म्हणाले, जास्तच आहेत, उद्या बघा. अण्णा कंदिलाशी बसून राहिले आणि शेवटी सापडलं: कुणा एका शेतकऱ्याच्या पट्टीत तोलाई, म्हणजे माल तोलायची मजुरी, दोनदा धरली गेली होती. पुढच्या सौद्याला तो माणूस आला तेव्हा त्याच्या हातावर पस्तीस पैसे ठेवून त्याची सही घेतली. पुढं कितीतरी वर्षांनी मी त्यांना विचारलं होतं, एवढ्याशा पैशांसाठी? ते म्हणाले, "पस्तीस पैशांचं काही नाही गं. ज्या भोकातनं पस्तीस पैसे आत आले, त्याच भोकातनं पस्तीस हजार बाहेर जातील. भोक सापडल्याशिवाय झोप कशी येणार?"

शुक्रवारी पहाटे दूध घ्यायला उठले तेव्हा फोनवर दोन मेसेज होते. तीन वाजून बारा मिनिटांनी १८,९०० आणि तीन वाजून तेरा मिनिटांनी २१,४५०. दुधाची पिशवी हातात तशीच राहिली. बोटं गार पडली होती, ती दुधानं की कशानं ते कळलं नाही. मंगळवारचाच तो अक्षरांचा गुंता होता. दोन्ही वेळा तोच.

त्यानंतरच्या तासाभरात मी काय काय केलं ते आज ओळीनं सांगता येतं, तेव्हा मात्र एकही गोष्ट सुचत नव्हती. पहिल्यांदा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्ड बंद केलं. मग बँकेला फोन. इंटरनेटवर नंबर शोधायला बोट गेलंच होतं. तेवढ्यात आठवलं की शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर'च्या नंबरांवर बऱ्याचदा चोरच बसलेले असतात. म्हणून कार्ड उलटं करून त्याच्या पाठीवरचा बारीक नंबर चष्मा लावून वाचला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं: ओटीपी कुणाला दिला होता का? नाही. कार्डाचा फोटो कुणाला पाठवला? नाही. कुठली लिंक उघडली? नाही. मग तिनं विचारलं, "मॅडम, कार्डाचे परदेशी व्यवहार चालू ठेवलेत का?"

आणि मला ते आठवलं. दीड वर्षापूर्वी लेकीच्या एका परदेशी परीक्षेची फी भरायची होती. नवं कार्ड येतं तेव्हा त्याच्यावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद असतात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेनं तसं करायला लावलंय, ज्याला लागेल त्यानं स्वतः उघडावं. फीसाठी मी तो ॲपमधला परदेशी व्यवहारांचा स्विच उजवीकडं सरकवला, फी भरली, लेकीला पेढा दिला, आणि स्विच तसाच राहिला. आपल्याकडच्या साइटवर सहसा ओटीपीशिवाय पैसे जात नाहीत, म्हणून आपण निर्धास्त असतो. परदेशातल्या कितीतरी साइट ओटीपी मागतच नाहीत. कार्डाचा नंबर, मुदतीचा महिना आणि पाठीवरचे तीन आकडे एवढं त्यांना पुरतं. माझे ते आकडे कुठून फुटले कुणास ठाऊक. पण ज्यांच्या हाती लागले त्यांनी आधी एका डॉलरच्या आसपासची रक्कम टाकून बघितली. कार्ड जिवंत आहे का, मालकीण जागी आहे का. ते चौऱ्याऐंशी रुपये म्हणजे दारावरची टकटक होती, आणि मी आतून ओ दिली नाही.

गावभागातल्या आमच्या जुन्या घराला नदीच्या अंगाला एक परसदार होतं. दिवसभर त्याचा काही उपयोग नसे, कधी धुणं वाळत घालायला, कधी मांजराला हाकलायला. पण निजण्याआधी अण्णा पुढच्या दाराकडं न जाता आधी तिकडं जायचे. अडसर सरकवायचा, एकदा दार हलवून बघायचं, मग पुढचं दार. आई म्हणायची, पुढून येईल त्याला आपण बघू तरी, मागनं येणाऱ्याला कोण बघतंय? त्या स्विचचा विचार केला की मला ते परसदार दिसतं. दीड वर्ष उघडं. वाऱ्यानं आपटलंसुद्धा नाही, नाहीतर लक्षात तरी आलं असतं.

सांगलीच्या माणसाला खरं तर हे वेगळं शिकवायला नको. पावसाळ्यात आम्ही एकमेकांना जेवलात का असं विचारत नाही, किती फूट झालं असं विचारतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे पोरासोरांना पाठ असतं. पण जाणती माणसं ४० ची वाट बघत नाहीत. पंचवीस झालं की त्यांची विचारपूस सुरू होते, कोयनेतून किती सोडलं, तिकडं पाऊस उघडलाय का. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सामान वर हलवून आधी बाहेर पडलेली माणसं हीच होती. आणि त्याच गावात राहून मी पायरीला लागलेलं पाणी बघितलं आणि झोपले.

त्या सकाळी १९३० लाही फोन केला. हा सायबर फसवणुकीचा नंबर. तिथं तक्रार नोंदवली की पैसे ज्या खात्यात गेले असतील तिथंच रोखून धरायची धडपड सुरू होते, म्हणून तिथं मिनिटामिनिटाला किंमत. दोनदा लाइन लागली नाही, तिसऱ्यांदा लागली. बँक, वेळ, रक्कम, व्यवहाराचा नंबर, सगळं मी शाळेच्या फळ्यावर लिहितात तसं मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. त्या कागदावर दोनच रकमा होत्या. मोठ्या दोन. मंगळवारचा मेसेज तोवर वर सरकून गेला होता आणि माझ्या डोक्यातूनही.

रविवारी अण्णांकडं गेले. आता ते आणि आई टिळक चौकाजवळ दोन खोल्यांत राहतात. आईनं भडंग पुढं ठेवलं, लसूण आणि कढीपत्त्याचा वास सुटलेला, चहा आला. सांगू की नको असं वाटत होतं. वयाची एक्क्याऐंशी उलटलेल्या माणसाला कशाला घोर. पण तोंडातून निघालंच. सगळं सांगितलं, चौऱ्याऐंशी रुपयांसकट. वाटलं, अण्णा म्हणतील, तुला पस्तीस पैशांची गोष्ट सांगितली होती ना? ते काहीच म्हणाले नाहीत. भडंगातला एक शेंगदाणा त्यांनी उचलला, बोटांत फिरवला आणि परत ताटलीत ठेवला. मग विचारलं, "परत मिळतात?"

"मिळतील असं म्हणतायत. माझा हात नसला आणि तीन दिवसांत कळवलं तर सगळे मिळतात. तीन दिवस कामाचे."

अण्णांनी उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. करंगळी संपली, अनामिका संपली, मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापाशी अंगठा थांबला.

मला वाटलं माझे दिवस मोजतायत.

ते उठले, कपाटाच्या खालच्या फळीवरून घरखर्चाची वही काढली. निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी त्यांची वही रोजकीर्दीसारखीच असते: लाल कापडी बांधणी, डावीकडं जमा, उजवीकडं खर्च, आणि प्रत्येक आकड्यापुढं तपशील. कोथिंबीर पाच रुपये असली तरी कोथिंबीर असं लिहिलेलं. देवळापुढच्या म्हातारीला दिलेले दोन रुपये, त्यापुढं 'म्हातारीस'. लहानपणी ही अक्षरं बघत मी मोडीसारखं वळणदार लिहायला शिकले. त्यांनी वही उघडून माझ्यापुढं सरकवली आणि खिडकीकडं तोंड करून बसले. बुधवारचं पान होतं, त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यातला बुधवार, म्हणजे अकरा दिवसांपूर्वीचा. दूध, वांगी, आईची गोळ्यांची पट्टी. मग १० रुपये, तपशील 'वीजबिल दुरुस्ती'. आणि त्याखाली ४८,६००. त्याच्यापुढं काही नव्हतं. तपशिलाची जागा कोरी. शाई मात्र कागदात थोडी फुटलेली, पेन बराच वेळ एका जागी टेकवून ठेवलं की फुटते तशी.

त्यांच्या वहीत आकड्यापुढं कोरी जागा मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

हरिपूरला हळदीची पेवं असायची. जमिनीखाली खोल खणलेली, तोंड बंद करून टाकलेली, आत हवा नाही म्हणून किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. मला अण्णा एकदा सायकलच्या दांडीवर बसवून पेव उघडताना दाखवायला घेऊन गेले होते. तोंड उघडलं आणि मी वाकून बघायला गेले, तर त्यांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आतली हवा विषारी झालेली असते, माणूस खाली पोचायच्या आधी जातो. थांबायचं, वारं जाऊ द्यायचं, मग दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर अजून थांबायचं. त्या रविवारी मी अण्णांना लगेच काही विचारलं नाही. आई आत मशीनवर वाफ घेत होती, त्याची घरघर ऐकत मी बसून राहिले.

मग ते बोलले. मोबाईलवर मेसेज आला होता: तुमचं मागचं बिल भरल्याची नोंद नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी बोला. बिल त्यांनी भरलेलं होतं, पावती फाइलला लावलेली होती. पण रात्री आईला वाफेचं मशीन लागतं, थंडीत दोनदा लागतं, आणि साडेनऊ वाजायला तीन तास उरले होते. फोनवरचा माणूस चांगलं मराठी बोलत होता. काका म्हणत होता. म्हणाला, पैसे भरलेत तुम्ही, मला दिसतंय, फक्त नोंद जुळत नाही. दहा रुपये भरून नोंद दुरुस्त करू. त्यासाठी त्यानं एक ॲप घ्यायला लावलं. त्या ॲपमुळं अण्णांच्या फोनचा पडदा त्याला तिकडं दिसू लागला, हे अण्णांना माहीत नव्हतं. दहा रुपयांसाठी त्यांनी एकेक आकडा जपून भरला, कार्डाचा नंबर, मग पाठीवरचे तीन आकडे, आणि आलेला ओटीपी पलीकडच्यानं सरळ वाचला. "मेळ बसत नाही म्हणाला गं तो," अण्णा म्हणाले. "नोंद जुळत नाही म्हणाला. अडतीस वर्षं मी हेच ऐकून उठून बसत आलो."

अडतीस वर्षांची जी सवय त्यांची राखण करत होती, तिलाच त्या माणसानं हात घातला. त्याला ती ठाऊक असेल असं नाही. तो हीच वाक्यं दिवसात शंभर जणांना म्हणत असणार. पण माझ्या घरात ती बरोबर त्या जागी लागली.

मी विचारलं, अकरा दिवस सांगितलं का नाही? एकदा दुकानात चाळीस रुपये कमी भरले होते तेव्हा तुम्ही रात्रीच शेठना उठवून सांगितलं होतं ना? अण्णा म्हणाले, "तेव्हा हिशेब चुकला होता. आता मी चुकलो." आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिच्या मशीनपायी झालं असं तिला वाटलं असतं.

सोमवारी आम्ही दोघं सायबर पोलीस ठाण्यात गेलो, बँकेत गेलो, १९३० वर नोंद केली. ठाण्यातल्या हवालदारानं अण्णांना आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, हे मी विसरणार नाही. त्यानं समजावून सांगितलं की असे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. कुणाची तरी भाड्यानं घेतलेली खाती असतात, त्यांतून पाच-सहा ठिकाणी फुटून तासा-दोन तासांत काढले जातात. तरी ६,२०० रुपये एका खात्यात अडकून राहिलेले सापडले. बाकीचे गेले. माझे चाळीस हजार साडेतीनशे मात्र कामाच्या दहा दिवसांच्या आत खात्यात दिसू लागले, आणि पुढं चौकशी होऊन माझेच झाले. दोघांनाही एकच नियम लागला, रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा. ग्राहकानं कुणाला काही दिलेलं नाही, चोरी बाहेरच्यानं केली आणि कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला झळ नाही; चार ते सात दिवस लागले तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याच्या अंगावर. पण ग्राहकानं आपल्या हातानं गुपित आकडे दिले असले, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतरचं बँकेचं.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. कुठंतरी रेघ ओढावी लागते. पण उघडं दार दीड वर्ष विसरणारी मी, मला त्या चौऱ्याऐंशी रुपयांपलीकडं दमडीची झळ लागली नाही. आणि आयुष्यभर प्रत्येक दार हलवून बघणारे अण्णा, त्यांचे बेचाळीस हजार चारशे गेले, कारण त्यांनी एका आवाजावर विश्वास ठेवला. माझे पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मला आनंद झालाच नाही. मी तो अण्णांपासून चार दिवस लपवला. मग लक्षात आलं की हेही तेच, अकरा दिवसांचंच धाकटं भावंड. सांगून टाकलं. ते म्हणाले, "चांगलं झालं," आणि त्यांना खरंच चांगलं वाटलं होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्यानंतर आम्ही दोन्ही घरांची परसदारं शोधत बसलो. माझा तो स्विच बंद केला. आता परदेशी फी भरायची झाली तर उघडायचा, भरायची, तिथंच उभं राहून बंद करायचा. कार्डाची रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणली. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात आता महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवतो. पेन्शन आणि ठेवींचं खातं फोनपासून लांब. महिन्याला आपोआप काय काय कापून जातं याची यादी ॲपमध्ये असते, ती मी पहिल्यांदा बघितली आणि लेकीनं कधीचे सोडून दिलेले दोन क्लास त्यात सापडले. अण्णांच्या आधारचे बोटांचे ठसे लॉक केले, कारण अंगठ्यावर पैसे काढता येतात आणि त्यांचा अंगठा गावाकडच्या जमिनीच्या कितीतरी कागदांवर उमटलेला आहे. पडदा दाखवणारं ते ॲप काढलं. काढताना अण्णांनी माझा हात धरला होता, जणू आत अजून कुणी बसलंय.

पण यापेक्षा जास्त उपयोग झाला तो बोलण्याचा. मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तर एका बाईंनी डबा बंद करून हळूच सांगितलं की त्यांच्या मिस्टरांनी व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली, ती पत्रिका नव्हतीच, एपीके फाईल होती, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फोनमधले सगळे मेसेज दुसऱ्याला दिसू लागले. सहा महिने त्या हे कुणाला बोलल्या नव्हत्या. शिवाजी मंडईत जिच्याकडून मी मेथी घेते त्या मावशींना सांगितलं, तर त्या पेंडीवर पाणी मारता मारता थांबल्या. त्यांना एकानं फोनवर सांगितलं होतं, मावशी पैसे पाठवलेत, घ्यायला फक्त पिन टाका. "मी म्हटलं, घ्यायला कशाला पिन? द्यायला लागतो पिन. माझ्या नातवानं येवढंच शिकवलंय, घ्यायला काय लागत न्हाई म्हणून." त्यांच्या नातवाचं हे एक वाक्य मी तेव्हापासून वर्गात सांगते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तर एका माणसानं दुसऱ्याकडं ॲपमधून पैसे मागायची सोयच बंद केली आहे; फार लोक त्यात फसत होते. मावशी त्याच्या आधीच सावध होत्या. माझी आणि बाईंची मात्र शिकून सवरून ही गत झाली होती.

संध्याकाळी सात वाजता अण्णांचा फोन येतो. "काय काय गेलं?" एवढंच विचारतात. मी दिवसभराचे मेसेज वाचून दाखवते, ते त्यांचे वाचतात. पेट्रोल दोनशे. रिक्षा चाळीस. केळी साठ. एखाद्या दिवशी काहीच नसतं, तरी फोन होतोच.

यंदाच्या पाडव्याला सकाळी त्यांच्याकडं गेले. दुकान सुटलं तरी अण्णा वही अजून दिवाळीलाच बदलतात. पाटावर नवी वही, पहिल्या पानावर श्री काढलेलं, हळदकुंकू, विड्याचं पान, सुपारी. हळद अजूनही त्याच पेठेतून येते. डबा उघडला की खोलीत चाळीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ पसरते. पूजा झाली. नवी वही बाजूला ठेवून त्यांनी जुनी मांडीवर घेतली. कोरी जागा ठेवून वही बांधता येत नाही, एवढंच म्हणाले. ते मार्गशीर्षातलं पान काढलं, चष्मा पुसला, आणि ४८,६०० च्या पुढं बराच वेळ पेन टेकवून बसले. आईला त्यांनी कधी सांगितलं ते मला माहीत नाही, पण ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि तिला सगळं ठाऊक होतं. अण्णांनी लिहिलं: 'चोरीस गेले'. त्याखाली बारीक अक्षरात, पैकी ६,२०० येणे. मग टीपकागद दाबला.

"आणि तुझे चौऱ्याऐंशी?"

मी म्हटलं, ते राहिलेच. बँकेला तेव्हा कळवलं नाही, आता तर वर्ष होत आलं.

"नाही आले तर नाही आले," त्यांनी जुन्या वहीचं शेवटचं पान काढलं, वर माझं नाव घातलं आणि आकडा लिहिला. "वरचे पैसे किती?"

"सदतीस."

त्यांनी ते मांडले आणि पेन पुढच्या रकान्यात नेलं. "हं. तपशील सांग."

मी सांगायला लागले. मंगळवार होता, रात्रीचे साडेअकरा वाजले होते.